विश्लेषण : वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांनाही व्हॅम्पायरच्या प्रेमकथा का धरून ठेवतात?

अभ्यासाच्या पुस्तकापलीकडे एकही पुस्तक पूर्ण न केलेली मुले भूत, व्हॅम्पायर, पुनर्जन्म आणि प्रेम यांची सरमिसळ असलेली पाचशे पानांची कादंबरी संपवतात आणि लगेच दुसरा भाग शोधू लागतात. घरातील मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, तर ग्रंथपालांना यातून नवा वाचक मिळण्याची आशा वाटते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे घरातील भाषा एक आणि पुस्तकातील भाषा दुसरी असते, तिथे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. या मालिकांमध्ये नेमके असते काय, न वाचणारा त्यात कुठे अडकतो, कुठे सोडतो आणि त्यातून त्याच्या हाती काय लागते, याविषयी...

‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणजे काय?

प्रेमकथेतील दोघांपैकी एक जण माणूस नसतो किंवा निव्वळ माणूस नसतो, ही या प्रकाराची सोपी ओळख. तो रक्तपिपासू व्हॅम्पायर असतो, पौर्णिमेला लांडगा होणारा तरुण असतो, शापित आत्मा असतो किंवा आपल्याकडच्या मालिकांतील इच्छाधारी नागीण असते. भयकथेत भूत हे संकट असते. इथे ते संकटही असते आणि प्रियकरही. त्यामुळे ‘हे दोघे एकत्र येतील का’ आणि ‘ही जिवंत राहील का’ हे दोन प्रश्न वाचकासमोर एकाच वेळी उभे राहतात.

या प्रकाराचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी लेखिका स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ मालिका. जून २००३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नातून ही कथा सुचल्याचे मायर यांनी सांगितले आहे. ‘ट्वायलाइट’ (२००५), ‘न्यू मून’ (२००६), ‘इक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) हे तिचे चार मुख्य भाग. जगभरात या पुस्तकांच्या दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि २००८ ते २०१२ या काळात त्यावर पाच चित्रपट आले. सतत पाऊस पडणाऱ्या फोर्क्स या लहानशा गावात आलेली बेला, तिच्या वर्गातील व्हॅम्पायर एडवर्ड आणि लांडग्याचे रूप घेणारा जेकब यांची ही गोष्ट.

न वाचणारा आधी कुठे अडखळतो?

शहादा किंवा तळोद्याच्या वसतिगृहात राहणारी अकरावीची एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. तिने चित्रपट मोबाइलवर हिंदीतून पाहिला आहे. पुढे काय होते हे जाणून घ्यायचे म्हणून ती मैत्रिणीकडून पुस्तक घेते. पहिली अडचण जाडीची. पाचशे पाने पाहूनच मन मागे सरते. दुसरी अडचण वेगाची. चित्रपटात दहा मिनिटांत येणारा प्रसंग पुस्तकात शंभर पाने घेतो. बेलाची कुरकुर, पावसाची वर्णने, शाळेच्या कॅन्टीनमधील नजरानजर, याचा तिला कंटाळा येऊ लागतो.

इथेच बहुतेक पुस्तके बंद होतात. पण या प्रकारातील लेखकांना हे ठाऊक असते. म्हणून पहिल्याच पानावर मृत्यूची चाहूल दिलेली असते आणि प्रत्येक प्रकरण एखादा प्रश्न हवेत ठेवून संपते. ही मुलगी मधली वर्णने गाळते, संवाद तेवढे वाचते आणि पुढे सरकते. ‘आपण नीट वाचत नाही’ असे तिला वाटत राहते. प्रत्यक्षात पाने गाळणे हे सराईत वाचकही करतात. फ्रेंच कादंबरीकार आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यात पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि वाटेल ते वाचण्याचा हक्क आहे. न वाचण्याचा हक्कही त्यात आहे.

दुसऱ्या भागात काय होते?

मालिकेची खरी परीक्षा दुसऱ्या भागात असते. ‘न्यू मून’मध्ये नायक सुरुवातीलाच निघून जातो आणि बराच काळ गायब राहतो. ज्याच्यासाठी पुस्तक उचलले तोच नाही म्हटल्यावर अनेक वाचक इथे थांबतात. या भागात लेखिकेने एक युक्ती वापरली आहे. नायक गेल्यानंतर काही पानांवर फक्त महिन्यांची नावे आहेत, बाकी पान कोरे. नायिकेचे ते महिने रिकामे गेले, हे सांगायला एकही वाक्य खर्च केलेले नाही.

कंटाळून पाने उलटणाऱ्या वाचकाला ही कोरी पाने अनेकदा थांबवतात. लेखक न लिहिताही काही सांगू शकतो, ही जाणीव इथे होते. पाठ्यपुस्तकात ‘लेखनशैली’ या शीर्षकाखाली जे पाठ करावे लागते, ते इथे आपोआप कळते. पहिल्या भागात ‘पुढे काय’ एवढेच विचारणारा वाचक दुसऱ्या भागात ‘हिने असे का केले’ असे विचारू लागला, तर तो वाचक झाला असे समजायला हरकत नाही. मग त्याला कथा आवडली नाही तरी चालेल.

एका पुस्तकापेक्षा मालिकाच का धरून ठेवते?

नव्या पुस्तकात शिरण्यासाठी वाचकाला सुरुवातीला बरेच कष्ट पडतात. पात्रांची नावे, गाव, नातीगोती, लेखकाची वाक्यरचना, वारंवार येणारे शब्द, हे सारे नव्याने लावून घ्यावे लागते. मालिकेत हे कष्ट एकदाच पडतात. दुसऱ्या भागापासून ओळखीच्या गल्लीत फिरावे तसे वाचन होते. तेच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा भेटतात आणि शब्दकोश न उघडता पक्के होतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशेन यांनी एकाच लेखकाचे किंवा एकाच विषयाचे सलग वाचन दुसरी भाषा शिकणाऱ्यांना उपयोगी पडते, असे १९८१ पासून मांडले आहे. आवडीचे हलकेफुलके वाचन हा गंभीर वाचनाकडे जाणारा पूल असतो, असेही त्यांचे म्हणणे आहे.

याच्या उलट चित्र मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये मांडले. जो वाचतो त्याचा शब्दसंग्रह वाढतो, म्हणून त्याला वाचन सोपे जाते आणि तो आणखी वाचतो. जो वाचत नाही त्याला पुढची इयत्ता आणखी जड जाते, म्हणून तो आणखी कमी वाचतो. दोघांतील अंतर दरवर्षी वाढत जाते. हे चक्र तोडायचे तर कुठल्या तरी एका पुस्तकाने पहिला धक्का द्यावा लागतो. ते पुस्तक थोर असण्यापेक्षा खाली न ठेवता येणारे असणे त्या घडीला अधिक गरजेचे असते.

भारतात असे पूर्वी घडले आहे का?

घडले आहे, तेही व्हॅम्पायर येण्याच्या शंभर वर्षे आधी. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम, वेष पालटणारे ऐयार आणि माणसाला गिळणारे तिलिस्म असा तिचा मसाला होता. पुढे ‘चंद्रकांता संतति’ ही चोवीस भागांची मालिका आली. ती वाचता यावी म्हणून त्या काळी अनेकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवले जाते. १९९० च्या दशकात याच कथेवरील दूरदर्शन मालिकेने पुन्हा एका पिढीला खिळवून ठेवले.

मराठी कादंबरीची पहिली पावलेही अद्भुतातच पडली. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या सामाजिक कादंबरीपाठोपाठ लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आली. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट आणि अचाट योगायोग यांनी भरलेल्या या कथा वाचकांनी उचलून धरल्या आणि समीक्षकांनी नंतर नावे ठेवली. पुढे हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’मधून क्रमशः वास्तववादी कादंबऱ्या लिहिल्या. तोवर कादंबरी वाचण्याची सवय लागलेला वर्ग अद्भुतरम्य कथांनी घडवला होता. नाथमाधवांची ‘वीरधवल’, बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा ही याच वाटेवरची पुढची ठाणी. ग्रंथालयातील धारपांचे जीर्ण, पुन्हा पुन्हा शिवलेले पुस्तक त्याच्या वाचकांची साक्ष देते.

नंदुरबारच्या संदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा का?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेत राज्यात सर्वात मागे होता. राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के असताना जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के होती. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. धडगाव भागात पावरी, अक्कलकुव्याकडे देहवाली भिली, नवापूरकडे मावची, तर सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली घराघरांत बोलली जाते. म्हणजे इथल्या असंख्य मुलांसाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी.

अशा मुलाला ‘वाचनाची आवड नाही’ असे म्हणणे सोपे असते. पण त्याला प्रत्येक ओळ आधी मनात उलटवून घ्यावी लागते, हे लक्षात घेतले जात नाही. ज्या वाचनात गुण आणि चुका यांच्याशिवाय काही नसते, त्याचा कंटाळा येणे स्वाभाविकच. सातपुड्यातील नर्मदाकाठच्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू केल्या. तिथे मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात झाली, त्यामागे हेच कारण होते.

दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्या मुलांना गोष्टींची पुस्तके किती मदत करतात, याचा एक गाजलेला प्रयोग फिजी बेटांवर झाला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे २५० आकर्षक पुस्तके दिली. ही मुले घरी फिजियन किंवा हिंदी बोलणारी होती. सुमारे आठ महिन्यांनंतर त्यांच्या वाचन-आकलनाची प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या दुप्पट वेगाने झाल्याचे दिसले. १९८३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निवड एवढ्याच निकषावर होती की पुस्तके मुलांना वाचावीशी वाटावीत.

या गोष्टी आता मोबाइलवर कशा पोहोचतात?

तळोद्यात पुस्तकांचे दुकान शोधावे लागते, गोष्ट मात्र फोनमध्ये सापडते. २०१४ मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या मंचावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत कथामालिका वाचता येतात. भय आणि प्रेम हे तिथले लोकप्रिय विभाग. ‘स्टोरीटेल’ २०१७ मध्ये भारतात आले आणि मराठी पुस्तके ऐकण्याची सवय रुजू लागली. लहान भाग, ‘क्रमशः’ आणि वाचकांचे अभिप्राय यांमुळे इथले लेखन ‘करमणूक’च्या काळातील साप्ताहिकांच्या जवळ जाते.

फरक एवढाच की साप्ताहिक आठ दिवस थांबायला लावत असे. ॲप पुढचा भाग लगेच देऊ करते, काही ठिकाणी पैसे किंवा ‘कॉइन’ घेऊन. दोनशे-तीनशे भागांच्या मालिकेत कथा पुढे सरकण्याऐवजी ताणली जाते. फोन अनेकदा घरात एकच असतो आणि मुलींच्या हाती तो कमी वेळ येतो. त्यामुळे त्यांच्यासाठी ग्रंथालयातील छापील प्रतीचे महत्त्व कमी झालेले नाही.

आक्षेप काय आहेत?

मुख्य आक्षेप नात्याच्या चित्रणावर आहे. ‘ट्वायलाइट’चा नायक नायिका झोपलेली असताना तिच्या खोलीत येऊन तिला पाहत राहतो, तिच्या मित्रांना भेटण्यावर बंधने घालतो आणि ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून तिचे निर्णय स्वतः घेतो. कथेत हे उत्कट प्रेम म्हणून येते. प्रत्यक्ष आयुष्यात याला पाळत आणि दडपण म्हणतात. ज्या वयात मुलामुलींच्या नात्याच्या कल्पना घडत असतात, त्या वयात हा फरक कोणी तरी बोलून दाखवणे आवश्यक ठरते.

पण पुस्तक हिसकावून घेतल्याने ते बोलणे होत नाही. उलट लपूनछपून वाचन सुरू होते. ‘तुझ्या मैत्रिणीशी कोणी असे वागले तर तू तिला काय सांगशील?’ हा एक प्रश्न वर्गात किंवा घरात विचारला तर तेच पुस्तक सावध करण्याच्या कामी येते. दुसरा आक्षेप भाषेच्या दर्जाचा. तो बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र ‘उत्तम’ वाचणारी व्यक्ती आणि ‘सामान्य’ वाचणारी व्यक्ती यांची तुलना इथे नसते. तुलना असते ती सामान्य वाचणारी आणि काहीच न वाचणारी यांची.

सातपुड्याच्या गोष्टी यात कुठे बसतात?

‘ट्वायलाइट’मधील लांडग्यांचा धागा अमेरिकेतील एका खऱ्या आदिवासी समाजापर्यंत जातो. जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा दाखवला आहे, ती वॉशिंग्टन राज्यात ला पुश येथे आजही राहते. आपले पूर्वज लांडग्यांपासून घडले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. कादंबरीने त्या कथेला व्हॅम्पायरांशी वैर असलेल्या नरलांडग्यांचे रूप दिले. पर्यटक आले, जमातीच्या नावावर दागिने आणि कपडे विकले गेले. पण त्या नफ्यात जमातीचा वाटा काय, हा प्रश्न विचारला गेला. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने पुढे जमातीच्या सहकार्याने ‘ट्वायलाइट’मधील कल्पित आणि क्विल्यूटांचे वास्तव यांतील फरक लोकांसमोर मांडला.

नंदुरबारच्या वाचकाला हे दूरचे वाटणार नाही. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा इथे भटकतो आणि तेल मागतो, अशी लोकश्रद्धा आहे. तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथांची यात्रा असते आणि मच्छिंद्रनाथांची गुहा दाखवली जाते. स्त्रीराज्याच्या राणीत गुंतलेल्या गुरूला सोडवायला निघालेल्या शिष्याची नाथपंथी कथा ज्याने ऐकली आहे, त्याला प्रेम आणि अद्भुत यांचे मिश्रण नवे नाही. याहा मोगी आणि राजा पांठा यांच्या कथा तर रात्र-रात्र गायल्या जातात. मात्र ती जिवंत श्रद्धा आहे, कुणीही उचलून मालिका करावी असा कच्चा माल नव्हे. क्विल्यूटांच्या अनुभवाचा धडा हाच की अशा गोष्टी कोण लिहितो, कोणाला विचारून लिहितो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न आधी सुटायला हवेत.

शाळा, ग्रंथालये आणि घरी काय करता येईल?

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. मालिकेचा पहिला भाग एकाऐवजी चार-पाच प्रतींत ठेवला तर मुले एकमेकांशी बोलत वाचतात. पहिले प्रकरण शिक्षकाने मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात थांबावे. पन्नास पानांनंतर पुस्तक परत करण्याची मोकळीक द्यावी आणि ‘तात्पर्य सांग’ हा प्रश्न टाळावा. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी थोरांच्या चरित्रांसोबत धारप, रत्नाकर मतकरी आणि ‘हॅरी पॉटर’चा मराठी अनुवादही टेबलावर मांडावा. ज्याला मालिका आवडली त्याला ‘आता चांगले वाच’ असे न म्हणता तिच्या शेजारचे पुस्तक सुचवावे. व्हॅम्पायर आवडला तर मतकरींची गूढकथा, राजघराण्यातील कारस्थाने आवडली तर ऐतिहासिक कादंबरी.

घरी आजी-आजोबांकडून ऐकलेली गोष्ट मुलांनी आपल्या बोलीत देवनागरीत लिहून काढावी, हाही एक उपाय. त्याला खर्च वही-पेनाचा. लिहिलेले वर्गात वाचून दाखवता येते आणि त्यात कोणाची परवानगी घ्यायची हेही मुलांना कळते.

तळोद्याच्या वसतिगृहातील ती कल्पित विद्यार्थिनी चौथा भाग पूर्ण करेल की दुसऱ्यातच सोडेल, याला फारसे महत्त्व नाही. तिने ग्रंथालयात परत येऊन ‘असेच आणखी काही आहे का?’ असे विचारले, तर त्या क्षणी कपाटात काही तरी असले पाहिजे.